चार टन क्षमतेचे रॉकेट आणि ४,४१० किलोचा नौदल उपग्रह: हिशेब जुळला कसा?

प्रश्न | सदस्य: ध्रुवमत्स्य

नमस्कार मंडळी,

२ नोव्हेंबर २०२५ रोजी संध्याकाळी ५ वाजून २६ मिनिटांनी श्रीहरिकोटाहून एलव्हीएम-३ या प्रक्षेपकाच्या एम-५ मोहिमेने सीएमएस-०३ हा उपग्रह अवकाशात नेला. नौदल त्याला जीसॅट-७आर म्हणते, आणि २०१३ साली सोडलेल्या जीसॅट-७ची, म्हणजे ‘रुक्मिणी’ची, जागा तो घेणार आहे. भारताच्या भूमीवरून भूस्थिर हस्तांतरण कक्षेच्या (भूस्थिर कक्षेकडे जाताना उपग्रह आधी ज्या लंबगोल कक्षेत सोडतात तिच्या) दिशेने सोडलेला तो त्या दिवसापर्यंतचा सर्वांत जड दळणवळण उपग्रह होता, ही गोष्ट सगळ्याच वर्तमानपत्रांनी ठळकपणे छापली.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. गुरुत्वाकर्षणाचे प्रकरण चालू असताना एका विद्यार्थिनीने विचारले की एलव्हीएम-३ची क्षमता भूस्थिर हस्तांतरण कक्षेपर्यंत ४,००० किलो असल्याचे सगळीकडे लिहिलेले असते, मग ४,४१० किलोचा उपग्रह त्याने नेला कसा? कक्षा थोडी खालची ठेवली, एवढे उत्तर मी देऊ शकलो. परंतु ‘थोडी’ म्हणजे नेमकी किती, आणि त्या थोड्याची किंमत शेवटी कोण मोजतो, हे आकड्यांनिशी मांडता आले तर वर्गाला त्याचा खरा उपयोग होईल.

याच निमित्ताने आणखी दोन शंका मांडतो. व्यापारी उपग्रहांवरून आज जहाजांना फोन आणि इंटरनेट सहज मिळत असताना नौदलाला स्वतःचा वेगळा उपग्रह कशासाठी लागतो? आणि देशाच्या संरक्षणाशी इतका निगडित असलेला पहिला उपग्रह, रुक्मिणी, आपण दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानामधून, परक्या रॉकेटवरून का सोडला? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर | सदस्य: केप्लरचा_विद्यार्थी

सर, आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे, म्हणून आधी तोच घेतो.

प्रक्षेपकाची ‘क्षमता ४,००० किलो’ हे विधान ‘कोणत्या कक्षेपर्यंत’ या उत्तरार्धाशिवाय अपुरे असते. प्रमाण हस्तांतरण कक्षा म्हणजे पृथ्वीच्या जवळच्या टोकाला साधारण १७० किलोमीटर आणि दूरच्या टोकाला साधारण ३६,००० किलोमीटर उंची असलेली लंबवर्तुळाकार कक्षा. सीएमएस-०३साठी मात्र १७० × २९,९७० किलोमीटरची कक्षा ठरवण्यात आली होती. दूरचे टोक सुमारे सहा हजार किलोमीटर खाली आले, हे ऐकायला फार मोठे वाटते; पण वेगाच्या भाषेत पाहिले तर चित्र वेगळे दिसते.

हा हिशेब फळ्यावर करण्याजोगा आहे. पृथ्वीची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर धरली, तर जवळच्या टोकाचे केंद्रापासूनचे अंतर ६,५४८ किलोमीटर होते. प्रमाण कक्षेत या टोकाला उपग्रहाचा वेग सेकंदाला सुमारे १०.२७ किलोमीटर असावा लागतो, तर २९,९७० किलोमीटरच्या कक्षेत तो सुमारे १०.१६ किलोमीटर पुरतो. फरक सेकंदाला सुमारे ११० मीटरचा, म्हणजे जेमतेम एक टक्क्याचा. वेगात एक टक्का सवलत दिल्यावर वजनात दहा टक्के वाढ पदरात पडते, हे या मोहिमेचे गमक आहे. असे होण्याचे कारण शेवटच्या टप्प्यात आहे. सी-२५ हा क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड इंधनाचा, टप्पा आपल्याकडचे सुमारे २८ टन द्रवरूप हायड्रोजन आणि ऑक्सिजन जाळून संपवतो आणि त्याचा रिकामा सांगाडा उपग्रहासह त्याच कक्षेत जातो. तिथे रॉकेट समीकरणातील लॉगॅरिथमच्या पोटात सांगाडा आणि उपग्रह या दोघांच्या वजनाची बेरीज येते, त्यामुळे उपग्रहाचे चारशे किलो वाढल्याने अंतिम वेग शंभर-सव्वाशे मीटरनेच घटतो.

आता किंमत कोण मोजतो, हा प्रश्न. ती उपग्रहच मोजतो. राहिलेले सेकंदाला ११० मीटर त्याला स्वतःच्या इंजिनाने मिळवावे लागतात, आणि ४,४१० किलोच्या उपग्रहाला त्यासाठी आदर्श हिशेबाने दीडशे किलोच्या आसपास इंधन लागते. भूस्थिर कक्षेत जागेवर राहण्यासाठी, विशेषतः चंद्र-सूर्याच्या ओढीने होणारा उत्तर-दक्षिण कल आवरण्यासाठी, उपग्रहाला दरवर्षी सेकंदाला सुमारे ५० मीटर इतका वेगबदल खर्चावा लागतो. म्हणजे रॉकेटने वाचवलेले हे ११० मीटर उपग्रहाच्या दोन वर्षांच्या आयुष्याइतके झाले. अर्थात उपग्रह बांधतानाच हे गृहीत धरून टाक्या भरलेल्या असतात, त्यामुळे ते आयुष्य ऐन वेळी कापले जाते असा याचा अर्थ नाही. दोन्ही बाजूंची तडजोड आधीच कागदावर झालेली असते.

पुढचा प्रवास याहून मोठा आहे. श्रीहरिकोटा १३.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, आणि जळालेले टप्पे वस्तीवर पडू नयेत म्हणून उड्डाणाची दिशाही मर्यादित ठेवावी लागते, त्यामुळे तिथून मिळणाऱ्या हस्तांतरण कक्षेचा विषुववृत्ताशी कल साधारण वीस अंशांच्या आसपास असतो. तो कल काढून टाकणे आणि कक्षा वर्तुळाकार करणे ही दोन्ही कामे उपग्रहाने दूरच्या टोकाला केलेली परवडतात, कारण तिथे त्याचा वेग सर्वांत कमी असतो. या साऱ्यासाठी सेकंदाला पावणेदोन किलोमीटरच्या घरात वेगबदल लागतो, आणि उड्डाणाच्या वेळच्या वजनापैकी चाळीस टक्क्यांहून अधिक भाग इंधन म्हणून त्यात खर्ची पडतो. ‘४,४१० किलोचा उपग्रह’ असे आपण म्हणतो खरे, पण नौदलाच्या वाट्याला प्रत्यक्ष कामासाठी येणारा उपग्रह अडीच टनांच्या आसपासचा असतो.

हे काम करणारे इंजिन फार लहान असते. इस्रोच्या भूस्थिर उपग्रहांवर सहसा ४४० न्यूटन रेट्याची द्रव इंधनाची मोटर असते. साडेचार टनांच्या वस्तूला ४४० न्यूटनांनी ढकलले, तर तिचा वेग दर सेकंदाला सुमारे दहा सेंटिमीटरने वाढतो. म्हणून ही मोटर एकूण चार तासांच्या आसपास चालवावी लागते, तीही एकदम नव्हे, तर कक्षेतील योग्य जागा गाठून अनेक हप्त्यांत, कर्नाटकातील हासन येथील मुख्य नियंत्रण केंद्रातून आज्ञा देऊन. श्रीहरिकोटाच्या उड्डाणाला उणीपुरी सोळा मिनिटे लागली; त्यानंतरचा हा प्रवास अनेक दिवसांचा असतो आणि तो कोणत्याही वाहिनीवर दिसत नाही.

रुक्मिणीबद्दलच्या शंकेचे उत्तर मात्र थोडक्यात देता येते. तिचे वजन २,६५० किलो होते आणि इस्रोच्या त्या काळच्या जीएसएलव्ही या प्रक्षेपकाची पोच सव्वादोन टनांच्या आतली होती. शिवाय २०१० साली एप्रिल आणि डिसेंबरमध्ये जीएसएलव्हीची दोन उड्डाणे लागोपाठ फसली होती, आणि १९ ऑगस्ट २०१३ रोजी जीएसएलव्ही-डी५चे उड्डाण दुसऱ्या टप्प्यातील इंधनगळतीमुळे उलटगणती चालू असतानाच थांबवावे लागले होते. त्यानंतर अकराव्या दिवशी, भारतीय वेळेनुसार ३० ऑगस्टला पहाटे दोनच्या सुमारास, रुक्मिणी फ्रेंच गयानातील कुरू येथून एरियन-५ या युरोपीय रॉकेटवरून गेली. एलव्हीएम-३ तेव्हा एकदाही उडालेला नव्हता, त्यामुळे परदेशी रॉकेट नको असेल तर अनेक वर्षे थांबणे एवढाच मार्ग होता. कुरू विषुववृत्तापासून जेमतेम पाच अंशांवर असल्यामुळे रुक्मिणीला अवघ्या साडेतीन अंश कलाची कक्षा मिळाली. श्रीहरिकोटाच्या तुलनेत सेकंदाला सुमारे १८० मीटर वेगबदलाची बचत तिथेच झाली, हेही नोंदवायला हवे.

उत्तर | सदस्य: दर्यावर्दी

वरील विवेचन उत्तम आहे. मी नौदलाच्या संदेशवहन शाखेतून निवृत्त झालो असल्यामुळे दुसऱ्या शंकेवर लिहितो. जे सार्वजनिक आहे तेवढेच लिहीन.

उपग्रहापूर्वी किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर असलेल्या जहाजाचा नौदल मुख्यालयाशी संबंध एचएफ, म्हणजे उच्च कंप्रतेच्या, रेडिओवर अवलंबून असे. या लहरी आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परावर्तित होऊन क्षितिजापलीकडे पोहोचतात, हा त्यांचा मोठा गुण आहे. मात्र आयनांबर दिवसा एक आणि रात्री दुसरेच असते, त्यामुळे फ्रिक्वेन्सी दिवसातून अनेकदा बदलाव्या लागतात; सौरवादळ आले की संपर्क तासन्तास तुटतो; आणि सुरळीत चालला तरी त्यावरून जाणारी माहिती फार थोडी असते. मजकूर जातो, बोलणे कसेबसे जाते, रडारवरचे चित्र किंवा छायाचित्र पाठवण्याचा विचारही करता येत नाही.

याहून गंभीर दोष असा की एचएफवर बोलणारे जहाज स्वतःचा ठावठिकाणा जाहीर करते. २५ मे १९४१ रोजी ब्रिटिश पाठलागातून निसटलेल्या बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेने लांबलचक संदेश पाठवला, आणि त्या लहरींची दिशा मोजून ती समुद्राच्या कोणत्या भागात आहे याचा माग ब्रिटिशांना पुन्हा लागला. दोन दिवसांनी ती समुद्रतळाशी होती. म्हणून युद्धकाळात जहाजे रेडिओ मौन पाळतात, आणि त्याचा अर्थ असा की जेव्हा बोलण्याची सर्वाधिक गरज असते, नेमके तेव्हाच बोलता येत नाही. उपग्रहाकडे रोखलेल्या अँटेनातून निघालेला झोत आकाशाकडे जातो, क्षितिजाकडे नाही. तो पकडणे अशक्य नसले तरी शत्रूच्या जहाजासाठी फार अवघड होते.

इथे एक भौगोलिक सुदैव आपल्या बाजूने आहे. रुक्मिणीचे स्थान ७४ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे जवळजवळ मुंबईच्याच रेखांशावर आहे. मुंबईहून पाहिले तर ती दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ६८ अंश वर असते. पश्चिमेला एडनच्या आखातात गेले काय किंवा पूर्वेला मलाक्काच्या सामुद्रधुनीपर्यंत गेले काय, ती ५० अंशांच्या खाली येत नाही. युद्धनौकेवर डोलकाठी, रडार, धुराडे, क्षेपणास्त्रांचे कप्पे यांची इतकी दाटी असते की अँटेनासाठी मोकळे आकाश मिळणे हीच मोठी अडचण असते. उपग्रह डोक्यावर असला की ती अडचण बरीच कमी होते.

रुक्मिणी आणि सीएमएस-०३ यांच्यावर यूएचएफ, एस, सी आणि केयू असे रेडिओ लहरींचे वेगवेगळे पट्टे का आहेत, हेही समुद्रावर राहिलेल्या माणसाला पटकन कळते. केयू पट्ट्याची तरंगलांबी दोन-अडीच सेंटिमीटरची असल्यामुळे मीटरभराच्या तबकडीतून निघणारा झोत जेमतेम दीड अंश रुंद असतो. त्यातून व्हिडिओ जातो, मोठा डेटा जातो. पण जहाज दोन्ही बाजूंना पंधरा-वीस अंश कलत असताना तबकडीने अंशाच्या काही दशांशांत नेम धरून राहावे लागते. त्यासाठी गोल घुमटाखाली मोटरी आणि जायरो अखंड काम करत असतात. त्यात पावसाळ्यात, अरबी समुद्रावर ढग फुटल्यासारखा पाऊस कोसळत असताना, केयूचा संकेत क्षीण होतो. लष्करी यूएचएफची तरंगलांबी मात्र साधारण एक मीटरची असते. तिला पावसाची पर्वा नाही आणि अँटेनाला काटेकोर नेम धरण्याची गरज नाही, त्यामुळे लहान नौकेवर, हेलिकॉप्टरवर, किनाऱ्यावर उतरलेल्या तुकडीच्या पाठीवरच्या संचावरही ती चालते. माहिती कमी जाते, पण ती वादळातही जाते. रुक्मिणीवरचा स्प्रिंगसारखा वळसेदार यूएचएफ अँटेना छायाचित्रांत पाहिला असेल, तो याच कामाचा आहे.

व्यापारी उपग्रहांचा वापर नौदलाने केलेला आहे. रुक्मिणीपूर्वी इन्मारसॅट या व्यापारी उपग्रहसेवेवर बराच भार होता. पण तिथे ग्राहक म्हणून रांगेत उभे राहावे लागते, आणि यंत्रणेची किल्ली दुसऱ्याच्या हातात असते. २०१४ सालच्या ‘ट्रॉपेक्स’ या सरावात बंगालच्या उपसागरात सुमारे ६० जहाजे आणि ७५ विमाने रुक्मिणीच्या साहाय्याने एका जाळ्यात जोडली गेली. एका विमानाने पाहिलेले लक्ष्य शेकडो मैलांवरच्या जहाजाच्या पडद्यावर लगेच उमटते, ही गोष्ट ज्यांनी एचएफच्या खरखरीत संदेश उतरवून घेण्यात रात्री घालवल्या आहेत, त्यांच्यासाठी किती मोठी आहे हे शब्दांत सांगता येणार नाही.

एक मर्यादा आवर्जून सांगतो, कारण यावर गैरसमज फार आहेत. पाण्याखालच्या पाणबुडीपर्यंत यातले काहीही पोहोचत नाही. तिच्यासाठी अतिमंद कंप्रतेच्या व्हीएलएफ लहरी लागतात, आणि त्याचे केंद्र तमिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यात आयएनएस कट्टबोम्मन येथे आहे. उपग्रहाशी बोलायचे तर पाणबुडीला अँटेनाची काठी पाण्याबाहेर काढावीच लागते.

प्रतिसाद | सदस्य: ध्रुवमत्स्य

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ४४० न्यूटन आणि सेकंदाला दहा सेंटिमीटर हे उदाहरण मी उद्याच वर्गात घेणार आहे. मात्र त्यावरून एक नवीन प्रश्न उभा राहतो. प्रक्षेपण यशस्वी झाल्यावर आपण सगळे टाळ्या वाजवतो. परंतु पुढचे इतके दिवस सगळा भार त्या एका छोट्या मोटरीवर असेल, तर ती चाललीच नाही तर काय होते? आणि लष्करी उपग्रहाच्या बाबतीत असे कधी घडले आहे का?

उत्तर | सदस्य: वैनतेय

घडले आहे, आणि आपल्याकडेही घडले आहे. हा विषय मी अनेक वर्षे जिव्हाळ्याने वाचत आलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

२९ मार्च २०१८ रोजी जीएसएलव्ही-एफ०८ने जीसॅट-६ए हा उपग्रह अचूक कक्षेत सोडला. सहा मीटर व्यासाचा, अवकाशात छत्रीसारखा उलगडणारा अँटेना हे त्याचे वैशिष्ट्य होते. एस पट्ट्यातील हातात मावणाऱ्या संचांना तो जोडणार होता आणि लष्कराला त्याचा मोठा उपयोग होणार होता. त्याच्या मोटरीची पहिली दोन प्रज्वलने व्यवस्थित झाली. दुसरे प्रज्वलन ३१ मार्चला सुमारे त्रेपन्न मिनिटांचे झाले, आणि तिसऱ्याची तयारी चालू असताना १ एप्रिलला उपग्रहाशी संपर्क तुटला तो कायमचा. त्याआधी २०१५ साली गेलेला त्याचा जोडीदार जीसॅट-६ सुखरूप पोहोचला होता. म्हणजे रचना तीच, अँटेना तोच, पण नशीब वेगळे.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. २९ जानेवारी २०२५ रोजी श्रीहरिकोटाच्या शंभराव्या उड्डाणात एनव्हीएस-०२ हा दिशादर्शन उपग्रह कक्षेत गेला, पण त्याच्या मोटरीकडे ऑक्सिडायझर सोडणाऱ्या झडपा उघडल्याच नाहीत. उपग्रह ठणठणीत होता, सौरपंख उलगडलेले होते, वीज मिळत होती. केवळ झडप न उघडल्यामुळे तो लंबवर्तुळाकार कक्षेतच अडकला.

आता ज्या उदाहरणातून विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त शिकता येईल, ते सांगतो. १४ ऑगस्ट २०१० रोजी अमेरिकेने केप कॅनव्हेरलहून अ‍ॅटलस-५ रॉकेटवरून एईएचएफ-१ हा लष्करी दळणवळण उपग्रह सोडला. सहा टनांहून अधिक वजनाचा हा उपग्रह अणुयुद्धाच्या परिस्थितीतही राष्ट्राध्यक्ष आणि सेनाधिकारी यांच्यातील संपर्क टिकवण्यासाठी बांधलेला होता. पहिल्याच प्रज्वलनात मुख्य मोटरीने रेटा दिला नाही. दुसऱ्यांदा प्रयत्न झाला, तेव्हाही तेच. तिसरा प्रयत्न करायचा मोह कोणालाही झाला असता. पण नियंत्रकांनी थांबण्याचा निर्णय घेतला, कारण इंधन वाहिनीत अडथळा असेल तर पुढच्या प्रज्वलनात स्फोटही झाला असता. नंतरच्या चौकशीत कारण पुढे आले ते असे की कारखान्यात जोडणी करताना वाहिनीत राहून गेलेल्या कापडाच्या छोट्या तुकड्याने बहुधा ती तुंबली होती.

उपग्रहाच्या कक्षेचे जवळचे टोक तेव्हा सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवर होते, म्हणजे प्रत्येक फेरीत वातावरणाची विरळ वरची पट्टी त्याला थोडी मागे खेचत होती. नियंत्रकांनी आधी दिशा सुधारण्यासाठी असलेली लहान हायड्रॅझीन इंजिने चालवून ते टोक वर उचलले. त्यानंतर त्यांनी विद्युत इंजिने वापरली. ही हॉल प्रकारची इंजिने झेनॉन वायूचे आयन विद्युत क्षेत्राने वेगाने बाहेर फेकतात, आणि त्यांचा रेटा न्यूटनच्या एका अंशाइतका, पृथ्वीवर पंचवीस-तीस ग्रॅम वजन हातावर ठेवल्यावर जाणवेल एवढाच असतो. मूळ योजनेत ती अखेरच्या टप्प्यापुरती होती. आता सहा टनांच्या उपग्रहाला हजारो किलोमीटर वर चढवण्याचे काम त्यांच्यावर आले. किरणोत्सारी पट्ट्यांतून पुन्हा पुन्हा जावे लागले, दुसऱ्या उपग्रहांना चुकवत वाट काढावी लागली, आणि अखेर २४ ऑक्टोबर २०११ रोजी, चौदा महिन्यांनी, तो ठरलेल्या भूस्थिर कक्षेत पोहोचला. झेनॉनचा हिशेब इतका काटेकोर ठेवला होता की चौदा वर्षांच्या नियोजित आयुष्यात घट झाली नाही.

माझ्या मते ही अवकाश अभियांत्रिकीतील सर्वांत सुंदर सुटकांपैकी एक आहे. जीसॅट-६एच्या वाट्याला ती आली नाही, याचे कारण उघड आहे: एईएचएफ-१शी संपर्क शाबूत होता आणि त्यावर रेट्याच्या तीन वेगवेगळ्या व्यवस्था होत्या. ज्या उपग्रहाशी बोलणेच थांबले, त्याला जमिनीवरून कोण वाचवणार? आपल्या देशाने विद्युत इंजिनांवर वेगाने काम करावे असे मला मनापासून वाटते. त्याचे पहिले कारण इंधनाची बचत हेच सांगितले जाते, पण ऐन वेळी दुसरी वाट हाताशी असणे हे मला तितकेच मोलाचे वाटते.

उत्तर | सदस्य: नीरांजन

वैनतेय यांनी कक्षेपर्यंतचे धोके सांगितले. कक्षेत सुखरूप पोहोचल्यावरचे धोके मी थोडक्यात नोंदवते. मी उपग्रहांच्या भू-केंद्रांसाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम करते.

दर्यावर्दी काकांनी यूएचएफचे जे गुण सांगितले, तेच तिचे दोषही आहेत. अँटेना साधा चालतो, नेम धरावा लागत नाही, म्हणजे तो परक्यालाही वापरता येतो. जुने यूएचएफ ट्रान्सपाँडर खालून आलेला संकेत फ्रिक्वेन्सी बदलून तसाच परत पाठवत. तो कोणाचा आहे हे ओळखण्याची सोय त्यांच्यात नव्हती. ब्राझीलमध्ये ट्रकचालक, लाकूडतोडे आणि तस्कर यांनी वर्षानुवर्षे अमेरिकी नौदलाच्या फ्लिटसॅटकॉम उपग्रहांवरून गप्पा मारल्या, कारण अ‍ॅमेझॉनच्या जंगलात दुसरे काही चालतच नव्हते, आणि बाजारात मिळणाऱ्या रेडिओत थोडा फेरफार केला की काम भागत होते. २००९ साली तिथल्या पोलिसांनी त्यासाठी धरपकडही केली. सांकेतिक लिपीमुळे लष्कराचा मजकूर सुरक्षित राहतो हे खरे, पण जागा अडवली जाते ती जातेच.

दुसरा धोका जमिनीवरचा आहे. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, रशियाने युक्रेनवर आक्रमण केले त्याच पहाटे, व्हायासॅट कंपनीच्या केए-सॅट या उपग्रहाची सेवा युक्रेनमध्ये कोलमडली. युक्रेनचे सैन्यही ती सेवा वापरत होते. उपग्रहाला कोणी हात लावला नव्हता. व्यवस्थापनाच्या जाळ्यात शिरून हजारो ग्राहकांचे मोडेम निकामी करण्यात आले होते. जर्मनीतील ५,८०० पवनचक्क्यांचे दूरनियंत्रणही त्याबरोबर बंद पडले. नौदलाला स्वतःचा उपग्रह का हवा, या प्रश्नात म्हणूनच स्वतःचे भू-केंद्र, स्वतःचे मोडेम आणि त्यांचे सॉफ्टवेअर स्वतः तपासणारी माणसे यांचाही समावेश करावा लागतो. ही बाजू बातम्यांत येत नाही, पण उपग्रहाचे खरे मालक कोण हे तिथे ठरते.

उत्तर | सदस्य: केप्लरचा_विद्यार्थी

नीरांजन ताईंचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. सरांच्या वर्गासाठी प्रक्षेपकाबद्दल एक भर घालतो, कारण त्यात महाराष्ट्राचा खराखुरा वाटा आहे. एलव्हीएम-३च्या दोन्ही बाजूंना असलेल्या एस-२०० या घन इंधनाच्या मोटरींत प्रत्येकी सुमारे २०५ टन इंधन असते. ३.२ मीटर व्यासाच्या त्यांच्या पोलादी कवचांचे भाग घडवणाऱ्या कारखान्यांत इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर इंडस्ट्रीज आहे, आणि मधल्या एल-११० टप्प्याची विकास इंजिने बनवणाऱ्यांत विक्रोळीची गोदरेज आहे. शाळा-महाविद्यालयांच्या सहली जिथे सहज जाऊ शकतील अशा अंतरावर हे काम चालते.

वजनाचा प्रश्न मात्र लवकरच पुन्हा समोर येणार आहे. भूदलासाठीच्या जीसॅट-७बी या उपग्रहाचा २,९६३ कोटी रुपयांचा करार संरक्षण मंत्रालयाने न्यू स्पेस इंडिया लिमिटेड या अवकाश विभागाच्या व्यापारी कंपनीशी मार्च २०२३ मध्ये केला, आणि तो उपग्रह पाच टन वर्गातला आहे. ४,४१० किलोसाठी दूरचे टोक २९,९७० किलोमीटरपर्यंत खाली आणावे लागले. पाच टनांसाठी ते आणखी बरेच खाली आणावे लागेल, आणि तेवढे जास्त इंधन उपग्रहाच्या टाकीत भरावे लागले तर अँटेना आणि ट्रान्सपाँडर यांच्यासाठी वजनच उरणार नाही. यावर इस्रोची योजना अशी आहे की एल-११०च्या जागी केरोसीन आणि द्रव ऑक्सिजनवर चालणारा सेमी-क्रायोजेनिक टप्पा बसवायचा आणि वरचा क्रायोजेनिक टप्पाही मोठा करायचा, म्हणजे हस्तांतरण कक्षेची पोच चार टनांवरून ५.१ टनांपर्यंत जाईल. त्यासाठीच्या २,००० किलोन्यूटन रेट्याच्या एसई-२००० इंजिनाच्या चाचण्या तमिळनाडूत महेंद्रगिरी येथे चालू आहेत. हे इंजिन उड्डाणासाठी सिद्ध होईपर्यंत पाच टनांच्या लष्करी उपग्रहासाठी दोनच पर्याय उरतात: कक्षा आणखी खाली ठेवणे, किंवा ४,७०० किलोचा जीसॅट-एन२ नोव्हेंबर २०२४ मध्ये फाल्कन-९ वरून केप कॅनव्हेरलहून पाठवला तसे परदेशी रॉकेट भाड्याने घेणे.